हात लावून सांगणारा माणूस

लातूरच्या एमआयडीसीत गुरुपादप्पांचा रबराचा कारखाना आहे. वीस-बावीस वर्षं तिथं डाळमिलच्या चाळण्यांखाली बसवायच्या रबरी गाद्या बनत होत्या. चाळणी दिवसभर थडथडते. ती थडथड जमिनीत उतरून मिलच्या भिंतींना तडे जाऊ नयेत म्हणून खाली रबर लागतं. तीन वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्या एका बोटी बांधणाऱ्या यार्डाने गुरुपादप्पांना विचारलं, गस्तीच्या वेगवान बोटींच्या इंजिनाखाली बसतील अशी माउंटिंग करून द्याल का? गुरुपादप्पांनी समुद्र जन्मात एकदाच पाहिला होता, गोकर्णाला दर्शनाला गेले तेव्हा. तरी त्यांनी हो म्हटलं आणि बोटीचं इंजिन कळणारा माणूस शोधायला लागले.

तो त्यांना तासाभराच्या अंतरावर, मुरुडमध्ये सापडला. संगमेश मिटकरी. गस्तीच्या बोटींवर इंजिन-खोलीत सतरा वर्षं काढून, पेन्शन घेऊन गावी परतलेला. वय चव्वेचाळीस, बोलणं मोजकं. कारखान्यात आला त्या पहिल्याच दिवशी त्याने चालू मोटारीच्या अंगावर तळवा ठेवला आणि म्हणाला, "अप्पा, पल्याडचं बेरिंग गेलंय." मोटार उघडली तर बेरिंगच्या गोळ्या खरोखर झिजलेल्या. तेव्हापासून कारखान्यात एक रिवाजच पडला. यंत्राने काहीही आकडा दाखवू दे, शेवटी संगमेशने हात लावायचा आणि सांगायचं.

तेव्हा त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांत अजून जीव होता. पुढच्या दोन हिवाळ्यांत तोही गेला. हे मात्र कारखान्यात कुणालाच माहीत नव्हतं.

यंदाच्या फेब्रुवारीत आठ माउंटिंगची एक खेप तयार झाली. एका बोटीत दोन इंजिनं, एकेका इंजिनाखाली चार. तपासणीचं काम मंजुश्रीकडे होतं. मंजुश्री उदगीरची, नांदेडला इंजिनिअरिंग शिकलेली, सव्वीस वर्षांची. ती तपासणीच्या टेबलावर माउंटिंग ठेवायची, वरून वजन आणि इंजिनासारखी थरथर द्यायची आणि वरच्या-खालच्या दोन्ही प्लेटांना एकेक सेन्सर चिकटवायची. वर जेवढी थरथर असेल तिचा दहावा हिस्साच खाली उतरला पाहिजे, असा यार्डाचा नियम होता.

"काका, हे बघा," ती संगमेशच्या उजव्या बाजूला येऊन म्हणाली. डाव्या कानाने त्याला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, एवढं तिला ठाऊक होतं. "मिनिटाला सोळाशे फेऱ्यांना खालचा आकडा चढायलाय. तिसरा हिस्सा दाखवतंय."

संगमेशने हातमोजा काढला आणि खालच्या प्लेटवर तळवा टेकवला. त्याला काही कळलं नाही. खाली लोखंड आहे की लाकूड, हेही कळलं नाही. तो नेहमीसारखा चार-पाच श्वास थांबला. तेवढा वेळ थांबलं की पाहणाऱ्याला बरं वाटतं, हे त्याच्या लक्षात आलेलं होतं.

"खाली शांत हाय," तो म्हणाला. "सेन्सरची वायर ढिली असंल."

मागच्याच महिन्यात वायर खरंच ढिली निघाली होती. मंजुश्रीने ती तीनदा काढली, पुसली, पुन्हा घट्ट बसवली. आकडा तोच. तिने त्याच्याकडे पाहिलं.

"नक्की ना, काका?"

"हाव."

फाटकाशी गाडी उभी होती. मंजुश्रीने कागदावर ‘हाताने तपासले, ठीक’ असं लिहिलं आणि खाली सही केली. आठही माउंटिंग गेली.

संगमेशला असं का करावंसं वाटलं, तर त्याचं मूळ बोटीवरच्या वर्षांत होतं. सतरा वर्षं तो दोन इंजिनांच्या मधल्या बोळात उभा राहिला होता. माणूस तिरका होऊन कसाबसा जाईल एवढा तो बोळ. तिथं बोलणं चालत नाही, सगळं हाताच्या खुणांनी. पाळी संपली की वर येऊन झोपायचं, तर पलंगाची चौकटसुद्धा थरथरत असायची. दात एकमेकांवर आपटू नयेत म्हणून जिभेचं टोक मध्ये धरून झोपायची त्याला सवय लागली. बोट किनाऱ्याला लागली की गंज काढायची मशीन हातात. महिनोन्महिने, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. एका थंडीत बोटं पहिल्यांदा पांढरी पडली, मेणाची असावीत तशी. मग मुंग्या आल्या, मग दुखली, मग दुखायचीही थांबली. डॉक्टरला सांगितलं असतं तर बोटीवरून उतरवून एखाद्या गोदामात बसवलं असतं, म्हणून तो गप्प बसला. गप्प बसायची सवय तिथंच जडली. आणि इथं कारखान्यातही माउंटिंगच्या प्लेटांवर ग्राइंडर तोच चालवायचा.

रोज सकाळी अंघोळ करून तो पूजेला बसायचा. गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर ठेवायचा. लहानपणी त्याच्या वडिलांनी, चन्नबसप्पांनी, ते त्याच्या हातावर पहिल्यांदा ठेवलं तेव्हा ते इतकं गार लागलं होतं, की त्याने हात मागे घेतला होता. आता ते तळहातावर आहे हे त्याला डोळ्यांनी बघूनच कळायचं. तो पाणी वाहायचा, भस्म लावायचा, पुन्हा गळ्यात घालायचा. याचं वाईट वाटायला हवं, असं त्याच्या मनात यायचं. पण वाटायचं नाही. गेल्या वर्षी आई, गौरम्मा, गेली तेव्हाही लोक म्हणाले, संगमेश मोठा धीराचा. तो धीर नव्हता. तिथं काही नव्हतंच.

पंधरा दिवसांनी यार्डातून फोन आला. गुरुपादप्पांनी केबिनमध्ये दोघांनाही बोलावलं आणि पडद्यावर यार्डातल्या माणसाने पाठवलेला व्हिडिओ लावला. बोट नेहमीच्या गस्तीच्या वेगाने चाललेली. इंजिनाच्या वर जेवणाची खोली. टेबलावरचे स्टीलचे पेले सरकत सरकत कडेपर्यंत येत होते आणि एक खलाशी ते पुन्हा मध्ये ठेवत होता. दुसरा काहीतरी ओरडून सांगत होता. समोर बसलेल्याला ते कळत नव्हतं.

"जुनी माउंटिंग यापेक्षा बरी होती म्हणतेत," गुरुपादप्पा म्हणाले. "मंजुश्री, तपासणीचा कागद आण."

तिने कागद आणला. गुरुपादप्पांनी चष्मा लावून तो पाहिला, बोट ठेवून पुन्हा पाहिला.

"ह्यात तर दिसायलंय. तिसरा हिस्सा. दिसत असताना पाठवलंस?"

"काकांनी हात लावून..." ती बोलता बोलता थांबली.

"संगमेशच्या हातावर ढकलू नगंस. बेरिंग उघडायच्या आधी सांगणारा हात हाय तो. आकडा बघायचं काम तुझं. आकडा चुकीचा वाटला तर सेन्सर बदलायचा, बरोबर वाटला तर माल थांबवायचा. तू दोन्ही केलं न्हाईस. सोमवारपर्यंत घरी थांब. मला इचार करू दे."

संगमेश दाराशी उभा होता. त्याला निम्मंच ऐकू आलं, पण समजलं सगळं. मंजुश्रीने त्याच्याकडे पाहिलं, अगदी थोडा वेळ. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला. ती पिशवी घेऊन गेली. तो परत शेडमध्ये आला आणि त्याने हातमोजे घातले.

संध्याकाळी मुरुडला घरी पोचला तेव्हा वर्षाराणी भाकरी थापत होती. त्याच्या बायकोला त्याच्याशी मोठ्याने बोलायची इतकी सवय झाली होती, की बाजारातही लोक तिला, भांडायलीस का, म्हणून विचारायचे. तिने ताट वाढलं. त्याने जेवता जेवता कारखान्यातली हकीकत सांगितली, कुणा तिसऱ्याची सांगावी तशी. हाताचं मात्र सांगितलं नाही.

ती चुलीपाशीच बसून ऐकत होती.

"मग तुमी का न्हाई बोललाव?" तिने विचारलं.

"काय बोलू?"

"तुमच्या हाताला कळत न्हाई म्हणून."

संगमेशने घास ताटात ठेवला.

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "चार वर्षं झाली. चहाचा तापलेला पेला तुमी नुसत्या हातानं धरता. परवा दिवा लावताना बोट भाजलं, कातडी काळी पडली, तुमी बघितलंबी न्हाई. मी वाट बघायले, हे मानूस कधी सांगतंय म्हणून."

"तू का न्हाई इचारलंस?"

"इचारून तुमी सांगितलं असतंव?"

त्याने ठेवलेला घास पुन्हा उचलला. थोड्या वेळाने ती म्हणाली, "ती पोरगी नवी हाय. एकदा नाव खराब झालं की कुटं जाईल ती?" आणि तिने त्याच्या ताटात अजून एक भाकरी टाकली. भूक नव्हती, तरी त्याने ती खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शेडमध्ये न जाता थेट केबिनमध्ये गेला. "शरणार्थ, अप्पा," म्हणाला, आणि मंजुश्रीला बोलवा म्हणून सांगितलं. कशाला, ते ती आल्यावरच सांगीन म्हणाला. गुरुपादप्पांनी फोन लावला. ती यायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ संगमेश बाकड्यावर बसून होता. काय बोलायचं ते त्याने ठरवलंही नाही.

मंजुश्री आत आली, उभीच राहिली.

संगमेशने टेबलावरच्या डबीतून एक टाचणी उचलली. दोनदा निसटली, तिसऱ्यांदा डोळ्यांनी नीट बघून चिमटीत धरली. मग डाव्या हाताचं मधलं बोट टेबलावर ठेवून त्याने टाचणी त्यात घातली.

"कुटं थांबायचं ते तुमी सांगा," तो म्हणाला. "मला कळत न्हाई."

"काका!" मंजुश्रीने त्याचा हात ओढला. टाचणी आत गेली होती, रक्ताचा थेंब टेबलाच्या काचेवर पडला. संगमेशच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

"दोन्ही हात असेच हायेत. बोटीवर असल्यापासून. उजव्याची दोन बोटं जरा बरी हुती, ती बी गेली. त्या दिवशी प्लेटीला हात लावला तवा मला काईच लागलं न्हाई. मी म्हनलो, शांत हाय. खोटं बोललो. मॅडमचा आकडा खरा हुता."

पंख्याचा आवाज तेवढा येत होता. तोही संगमेशला येत नव्हता.

आधी मंजुश्री बोलली. "मी तीनदा वायर बघितली, काका. काल घरी जाऊन सगळी पुस्तकं काढली. मला वाटलं मलाच काही येत नाही." तिचा आवाज चढला. "तुम्ही तिथं दाराशी उभे होतात. कॅलेंडर बघत."

"हाव," संगमेश म्हणाला. "बघत हुतो."

तो माफी मागेल असं तिला वाटलं असावं. त्याच्याही मनात ते शब्द आले, पण पोकळ वाटले, म्हणून त्याने ते उच्चारले नाहीत. ती खिडकीकडे वळून उभी राहिली.

गुरुपादप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आन मी तीन वर्षं ह्याच्या हाताचं सगळ्यांना सांगत फिरलो," ते हळूच म्हणाले. मग मोठ्याने, संगमेशला ऐकू जाईल असं: "आजपासून टेबलाला हात लावायचा न्हाई. ग्राइंडर बी धरायचं न्हाई. मंजुश्री, तुझा आकडा, तुझी सही. मधी कोनी न्हाई. यार्डाला मी सांगतो, चूक आमची हाय, आठ नवी देतो." दाराकडे जाता जाता ते थांबले. "संगमेश, आधी बोटाला पट्टी बांध."

संगमेशला वाटलं होतं, सांगून टाकलं की हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही. फक्त बोटाला पट्टी होती.

पुढचे दहा दिवस मंजुश्री त्याच्याशी कामापुरतंच बोलली. दोष रबरात होता. मिश्रणातल्या काजळीचं प्रमाण आणि भट्टीतला वेळ, दोन्ही थोडं जास्त झाल्याने रबर कडक झालं होतं. कडक रबर थरथर अडवत नाही, पुढे ढकलतं. तिने मिश्रण बदललं आणि चार वेळा तपासलं. आकडा दहाव्या हिश्शाच्याही खाली आला. पण यार्डाने पाठवलेल्या नोंदींत काहीतरी बसत नव्हतं. रबराचा कडकपणा हिशेबात धरूनसुद्धा जेवणाच्या खोलीत एवढी थरथर यायला नको होती. तिने इंजिन-खोलीचे फोटो मागवले. दोन दिवस पडद्यावर बघत बसली. तिसऱ्या दिवशी ती शेडमध्ये आली, संगमेशच्या उजव्या बाजूला उभी राहिली आणि तिने फोन त्याच्यापुढे धरला.

"तुम्ही तिथं राहिलेले आहात," एवढंच म्हणाली.

संगमेशने फोटो एकेक करून पाहिले. दोन इंजिनांमधला बोळ, पायाखालची जाळी, कठड्यावर वाळत घातलेलं फडकं. सगळं ओळखीचं होतं. पाचव्या फोटोवर तो थांबला.

"हा धुराचा पाइप बघा. इंजिनातून निघतो, वर जातो. हितं पट्टी मारून थेट छताच्या लोखंडाला आवळलाय. मधी रबर न्हाई, काई न्हाई." त्याने सुजलेल्या बोटाने दाखवलं. "इंजिन गादीवर बसवलंय, आन पाइप भिताडाला ठोकून टाकलाय. खाली कितीबी मऊ करा. थरथर हिकडून चढनार. आमच्या पहिल्या बोटीवर अशीच पट्टी हुती. कुनीतरी नवीन पाइप बसवताना जुनं रबर फेकून देतंय."

मंजुश्रीने फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला. "इथंही रबरी जोड हवा होता," ती स्वतःशीच म्हणाली, फोटोतल्या थंड पाण्याच्या नळीवर बोट ठेवून. मग संगमेशकडे वळली. "बसा. बाकीचे पण बघू."

ते दुपारपर्यंत बसले. असं थेट लोखंडाला आवळलेलं तीन ठिकाणी सापडलं. एकूण वजन वाढू न देता काय करता येईल, याची तिने यादी केली. वेगाच्या बोटीवर जड काही लावलं की बोट मंदावते, म्हणून यार्ड किलोकिलोचा हिशेब मागायचं. यादीखाली तिने दोघांची नावं घातली. संगमेशने ते वाचलं आणि कागद तिच्याकडे परत सरकवला.

मार्चच्या शेवटी नवी माउंटिंग आणि पाइपांचे रबरी आधार बसले. बोट पुन्हा समुद्रात नेली तेव्हा मंजुश्री स्वतः गेली. चार दिवसांनी परत आली, नाकाचा शेंडा उन्हाने सोललेला.

"जेवणाच्या खोलीत आवाज अकरा डेसिबलनी उतरला," तिने सांगितलं. "पेले जागचे हलत नव्हते. माणसं साध्या आवाजात बोलत होती, काका. एकजण तर म्हणाला, आता सगळ्यांचं घोरणं ऐकू यायला लागलंय."

गुरुपादप्पा मोठ्याने हसले.

"आन इंजिन-खोलीत?" संगमेशने विचारलं.

मंजुश्रीने मान हलवली. "तिथं तेवढंच. एकशेनऊ. माउंटिंगनं तिथलं काही होत नाही. तिथं इंजिनाचा आवाज हवेतूनच येतो. माणसाच्या कानालाच काहीतरी लावावं लागतं."

"लावलं हुतं का तिथल्या मानसानं?"

"गळ्यात अडकवलेलं होतं. चाळिशीचा असेल. मी विचारलं तर म्हणाला, कानावर घातलं की इंजिनाची तब्येत कळत नाही."

"मी बी तेच सांगायचो," संगमेश म्हणाला, आणि उठून बाहेर गेला. नळावर तोंड धुतलं. पाणी गार होतं की तापलेलं, ते त्याला गालांवर कळलं.

एप्रिलमध्ये वर्षाराणी त्याला नांदेडला घेऊन गेली. कान आणि हात, दोन्हीची तपासणी करून घ्या, असं गुरुपादप्पांनीही बजावलं होतं. कानाच्या तपासणीला दामिनी नावाची तरुण बाई होती. तिने त्याला एका छोट्या खोलीत बसवलं. खोलीला जाड दार, भिंतींना मऊ अस्तर. कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं.

"बारीक आवाज येतील. आला की दाबा. अगदी बारीक असला तरी दाबा."

बटण दाबलं गेलं की नाही हे बोटाला कळणार नाही, म्हणून तो अंगठ्याकडे बघत बसला. दार बंद झालं. आवाज आला. त्याने दाबलं. पुन्हा आला, दाबलं. येतच राहिला. तो दाबत राहिला. आपलं बरंच शाबूत आहे की, असं त्याला वाटलं.

वीस मिनिटांनी दामिनीने दार उघडलं. तिच्या हातात आलेखाचा कागद होता.

"मामा, मी आवाज पाठवला नव्हता तेव्हापण तुम्ही बटण दाबत होता. शेवटी तर मी सगळं बंद केलं होतं."

संगमेश तिच्या ओठांकडे बघत होता. "आवाज येत हुता," तो म्हणाला.

"कसा?"

"इंजिनावानी. दोन्ही चालू असल्यावानी."

"आत्ताही येतोय?"

"हाव. ते कायमच असतंय. मला वाटलं, सगळ्यांनाच येतंय."

दामिनीने कागदावर काहीतरी लिहिलं. डॉक्टरांनी दोन्ही तपासण्या पाहून सांगितलं, की जे गेलं ते परत येणार नाही, उरलेलं सांभाळायचं. उजव्या कानाला यंत्र लावता येईल. हातांना थंडीपासून जपायचं, थरथरणारं काही धरायचं नाही. वर्षाराणीने सगळं विचारून घेतलं. संगमेश शेजारी बसून होता.

परतीची एसटी दुपारी निघाली. लोहा गाव मागे पडलं. मग वर्षाराणी त्याच्या उजव्या कानाशी वाकली.

"बारा वर्षं तुमच्याशी वरडून बोलायले. आतून असं काही वाजायलंय, हे एकदा तरी सांगायचंव."

"म्हाईतच न्हवतं," तो म्हणाला. खरं तेच होतं.

थोड्या वेळाने त्याने खिशातून एक घडी केलेला कागद काढला. मंजुश्रीने दिला होता. नव्या माउंटिंगसोबत बोटीवर एक पान पाठवायचं होतं, इंजिन-खोलीतल्या माणसांसाठी. ते त्यानेच सांगावं, असा तिचा आग्रह. त्याला पेन धरून लिहायला जमत नव्हतं.

"मी सांगतो, तू लिव्ह."

वर्षाराणीने पिशवीतून पेन काढलं, कागद मांडीवर ठेवला. "सांगा."

"कानावरचं काडू नगा. इंजिनाची तब्येत कळत न्हाई असं वाटतंय, पर कळती. सवय लागंस्तवर दोन महिने जातेत."

तिने दोन शब्द लिहिले आणि पेन उचललं. "गाडी लई हलायलीय. अक्षर येत न्हाई. अहमदपूरला थांबली की लिहिते."

"बरं," तो म्हणाला.

अहमदपूरला गाडी दहा मिनिटं थांबली. तेवढ्यात त्या चार ओळी लिहून झाल्या.